मांडीवरचा घास

चिमणी चार वर्षांची झाली, तरी मान धरत नव्हती. घास श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून तिला खुर्चीत पट्टे बांधून, ताठ बसवूनच भरवायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पट्टे आवळले की ती रडून घर डोक्यावर घ्यायची. त्या दुपारी आई कामावर होती. “एक दिवस नाही बांधलं तर काय होतंय, चिमणे?” म्हणत बापाने पट्टे सोडले, तिला मांडीवर आडवं घेतलं आणि कुस्करलेलं केळं भरवलं. ती हसली, मग शांत झाली. डोळा लागला असं वाटून तो न हलता बसून राहिला. आई आली तेव्हा लेकीचे ओठ निळे पडले होते. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. बाहेरच्या बाकावर बापाने विचारलं, “माझ्यामुळेच गेली ना गं?” आईने त्याचा हात घट्ट धरला. “हो,” ती म्हणाली.