काचेवरचा पापुद्रा

गच्चीच्या कठड्यावर ऊन आधी बोटभर आले. मग निघायची घाई नसलेल्या पाहुण्यासारखे पाण्याच्या टाकीला वळसा घालून, दोरीवर विसरलेल्या टॉवेलमधून झिरपून, शेवटी सौर पॅनलांच्या निळ्या काचांवर येऊन पसरले. पसरले, पण झळकले नाही. साय धरलेल्या दुधासारखे तिथेच निपचित पडून राहिले.

शाळेच्या बसचा चालक उकिडवा बसला आणि त्याने ओला फडका पुन्हा त्याच काचेवरून फिरवला. काच तापायच्या आत धुणे उरकायचे, हा त्याचा नेम. आज मात्र हाताची तगमग थांबेना. खाली बस उभी होती. मुलांना आणायला निघायची वेळ होत आली होती.

"अहो, काच आहे ती. घासून घासून भोक पाडाल!" जिन्याच्या दारातून बायको म्हणाली.

"क्षाराचा पापुद्रा बसलाय. दिसत नाही तुला?"

ती काचेवर वाकली. "मला तर माझं तोंड दिसतंय. केस विंचरायचे राहिलेत, तेसुद्धा. आणि कालचा मीटर बघितला मी. वीज नेहमीएवढीच झालीय."

"मीटरला काय कळतंय!"

"खरंय, सगळं तुम्हालाच कळतं." ती हसली. "मग ही कावळ्याची शीट कशाला ठेवलीत? शोभेला?"

"कुठे?"

"ही काय, तुमच्या हाताशी."

त्याने बोट नेले. वाळलेले, खरखरीत काहीतरी नखाला लागले. त्याने डोळे बारीक करून तिथे पाहिले. निळे होते, नुसते धुरकट निळे.

बायकोचे हसू मावळले. "अहो, परवा वळणावर तो सायकलवाला..."

"वाचला ना? ब्रेक वेळेवर दाबला म्हणूनच वाचला."

"दाबलात हो. पण..."

"पण काय?"

त्याने फडका पिळला, झटकला, पुन्हा पिळला. त्यात थेंबही उरला नव्हता. मग खिशातली बसची चावी काढून त्याने तिच्या हातावर ठेवली.

"मालकांना फोन लाव. आज दुसरा माणूस पाठवा म्हणावं."

"कारण काय सांगू?"

परवा त्याने ब्रेक दाबला होता तो मागे मुले किंचाळली म्हणून. सायकल त्याला दिसलीच नव्हती.