दोन बोटं माया

रविवारी सकाळी टेलरमास्तरांनी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं, कापायच्या टेबलावर खाकी कागद पसरला आणि बायको-मुलांना समोर उभं केलं. "बघा. चार दिवस, एकवीस ठिकाणं. एक मिनिट वाया नाही."

कागद बघण्यासारखा होता खरा. परदेशातलं ते अवाढव्य शहर मास्तरांनी टेपने मापून, खडूने आखून चौकोनांत बसवलं होतं. नऊ ते साडेनऊ मनोरा. नऊ पस्तीस ते दहा वीस राजवाडा. मग पूल, संग्रहालय, दुसरं संग्रहालय. मधली पाच-पाच मिनिटं चालायची. जेवणाला वीस मिनिटं दिली होती, तीही उभ्याने.

चौघांनी मिळून कुठे जायची ही पहिलीच वेळ. चौदा वर्षांत दुकानाला सलग सहा दिवस कुलूप कधी लागलं नव्हतं. लावायचंच, तर पोरांना जग पुरतं दाखवून आणायचं, असा मास्तरांचा हट्ट.

काज-बटणं करणाऱ्या त्यांच्या बायकोने कागद वरून खाली वाचला, हातातली सुई रिळात खोचली.

"आणि बसायचं कधी?"

"विमानात बसायचंच आहे की! नऊ तास."

"मग तुम्ही तिघं जाऊन या. धावायला मला इथे काय जागा कमी आहे?"

हे ती हसत म्हणाली, पण मास्तर ओळखून होते. ती चिडून बोलते ते विसरून जाते. हसत बोलते ते करून दाखवते. आणि तिकिटं तर चारही काढून झाली होती.

"अंगात न घालताच नावं ठेवू नकोस," ते म्हणाले. "ट्रायल घेऊ. पहिला दिवस. आत्ता."

थोरल्याच्या हाती घड्याळ आलं. कोपऱ्यावरची पाण्याची टाकी मनोरा ठरली, पोस्टाची इमारत राजवाडा. पलीकडचं भांड्यांचं दुकान संग्रहालय; ते रविवारी बंद असतं, पण मास्तर म्हणाले, काचेतून बघू.

नऊला निघाले. नऊ वाजून दोन मिनिटांनी टाचणीच्या बुटाची नाडी सुटली. टाचणी म्हणजे धाकटी, वय सहा. हे नाव का पडलं ते तिच्याशेजारी पाच मिनिटं बसलेल्या कुणालाही विचारावं. नाडी बांधून होते तोच तिला तहान लागली. पाणी प्याली, तर अर्थातच पुढचं लागलं, म्हणून सगळी वरात परत दुकानामागच्या घरात. पुन्हा निघाले, तेव्हा मनोऱ्याखाली मांजरीची चार पिल्लं सापडली. टाचणीने एकेकाचं बारसं करायला घेतलं.

"बाबा, राजवाडा बुडाला!" थोरला घड्याळ बघून ओरडला. "संग्रहालयाचंही काही खरं नाही."

"पळा!" मास्तर म्हणाले.

"एकाचं नाव राहिलंय अजून," म्हणत टाचणीने फतकल मारली. तिच्याशेजारी आई टेकली. मग घड्याळासकट थोरलाही. मास्तर एकटेच पोस्टापर्यंत जाऊन आले.

दुकानात परतले तेव्हा साडेदहा वाजले होते. पदरात पडलं ते एवढंच: एक मनोरा, चार पिल्लं.

"कशी झाली ट्रायल?" मास्तरांनी घाम पुसत विचारलं.

"काखेत धरतंय," बायको म्हणाली. "माया किती ठेवलीत?"

पुढेमागे अंग भरलं तर उसवून सैल करता यावं, म्हणून शिवणीच्या आत जादा कापड राखायचं. त्याला शिंपी माया म्हणतात. मास्तरांची दोन बोटं माया अख्ख्या बाजाराला ठाऊक. तिच्या जोरावर कित्येक पोरांनी एकेक गणवेश तीन-तीन वर्षं ओढला. आणि दुसऱ्या कुणाचा बिनमायेचा सदरा दुरुस्तीला आला, की मास्तर तो हवेत धरून दुकानभर विचारायचे, "ह्याने कापड शिवलंय की गिऱ्हाईक?"

बायकोने टेबलावरचा कागद दोन चिमटींत उचलला आणि हवेत धरला.

"मास्तर, ह्याने कापड शिवलंय की गिऱ्हाईक?"

थोरला फिसकन हसला. मास्तरांचे कान लाल झाले, मग मिशी हलायला लागली. त्यांनी फडकं घेतलं. राजवाड्यापाशी हात जरा घुटमळला. दुसरं संग्रहालय मात्र एका फटक्यात गेलं. एकविसांतली नऊ ठिकाणं उरली. मोकळ्या झालेल्या प्रत्येक चौकोनात त्यांनी खडूने एकच शब्द लिहिला.

टाचणी नुकतीच अक्षरं जुळवायला शिकली होती. टेबलाच्या कडेला लोंबकळून तिने वाचलं, "मा-या. इथे पण मा-या. बाबा, ही कोण? आपल्याबरोबर येणार? तिचं तिकीट काढलंत?"

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं.

"तिला नको तिकीट," ती सुईत दोरा ओवत म्हणाली. "मी घेऊन बसेन तिला मांडीवर."