ॲडमिरलचं पाणी

बोटातून रक्त येत होतं, म्हणून फ्राउके ब्रोडर्सनने डाव्या हाताने नंबर फिरवला. डिरेक्टरी मांडीवर उघडीच होती, पान भरून हान्सेन.

"हान्सेन," पलीकडून नुसतं आडनाव आलं.

उत्तर जर्मनीतल्या फ्लेन्सबुर्गमध्ये फोन असाच उचलतात, हॅलो-बिलो करत बसत नाहीत. आडनाव ऐकल्यावर फ्राउकेलाही आणखी चौकशीची गरज वाटली नाही. तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. नवरा गेल्या महिन्यात गेला. मागे त्याचा मासा राहिला, ॲडमिरल. कपाळावर टेंगूळ, तोंडात दात आणि स्वभाव असा की टाकीत दुसरा मासा सोडायची सोय नाही. पाणी गढूळ झालंय. बदलायला म्हणून हात घातला, तर बोटच फोडलं त्याने.

"डेट्लेफ नेहमी म्हणायचा, काही अडलं तर मत्स्यपालक मंडळाच्या हान्सेनला विचार. मला हा मासा कधीच आवडला नाही, खरं सांगते. पण तो मेला ना, तर या घरात डेट्लेफचं जिवंत असं काहीच उरणार नाही हो."

बाई रडतायत हे त्याला ऐकू येत असणार.

"हात घालण्याआधी वीज बंद केली होतीत?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग माशाने उपकारच केले तुमच्यावर. आधी प्लग काढायचा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. आज आता काही करू नका. तुमचा नंबर द्या, बाकीचं उद्या सांगतो, आज रविवार आहे."

रविवार कडक पाळणारा दिसतोय, असं म्हणत तिने बोटाला पट्टी बांधली.

सोमवारी संध्याकाळी त्याचाच फोन आला. "टाकीच्या रुंदीची एखादी प्लास्टिकची फळी आहे का? ती मधोमध खाली सरकवा. ॲडमिरल एका बाजूला, तुमचा हात दुसऱ्या बाजूला. त्याला अडकवल्याशिवाय आत शिरायचं नाही. मी जन्मभर हाच नियम पाळला, म्हणून दहाही बोटं शाबूत आहेत."

"पाव कापायची फळी चालेल?"

"घट्ट बसते का बघा. हलवून बघा. बघितलंत? आता पुन्हा बघा."

फोनची तार टाकीपर्यंत जेमतेम पोचत होती. रिसीव्हर खांद्याला लावून तिने टाकीचा दिवा मालवला, प्लग काढले आणि रबरी नळीने पाणी बादलीत सोडलं. ॲडमिरल फळीला धडका देत होता. ती दचकली की पलीकडून आवाज यायचा, "देऊ दे धडका. दार लागलेलं आहे."

चौथ्या हिश्श्याहून जास्त पाणी काढायचं नाही. नवं पाणी तितकंच कोमट, त्यात दुकानातल्या औषधाचे थेंब. हे सगळं तो अडखळत, पण नीट सांगत होता. एकदाच गाडी अडली.

"गाळणीचा स्पंज नळाखाली धुऊ का?"

"थांबा. विचार करून सांगतो."

बऱ्याच वेळाने फोन आला तेव्हा त्याला चांगलाच दम लागला होता. "नळाखाली नाही! बादलीतल्या जुन्या पाण्यात पिळा. त्यात कामाचे जंतू असतात, ते जगले पाहिजेत."

"अहो, पण तुम्ही धावताय कशाला?"

"मासा तुमचा आहे ना," तो म्हणाला. "पिळा आता."

मग दर शनिवारी हे ठरूनच गेलं. पाणी लवकर बदलून व्हायचं, बोलणं मात्र लांबायचं. हान्सेनलाही घरी कोणी नव्हतं. तो फार बोलायचा नाही, पण ऐकायचा मन लावून. डेट्लेफ झोपेत माशांशी बोलायचा हे ऐकून तो इतका हसला की फ्राउकेलाही हसू फुटलं. कितीतरी दिवसांत ती हसली नव्हती.

ॲडमिरलचा रंग उजळला. ती खोलीत आली की तो काचेशी यायचा. जवळ येऊन दात दाखवायचा तो भाग वेगळा. फ्राउकेला तेही आवडायला लागलं होतं.

एका शनिवारी तिने धीर करून विचारलं, "उद्या दुपारी कॉफीला या की. केक करते. शिष्येची टाकी तरी बघून जा."

"मी? नको... म्हणजे, त्यात बघण्यासारखं काय?"

"हान्सेनसाहेब, तुम्ही ॲडमिरलला भीत नाही आणि मला भिता?"

शेवटी तो हो म्हणाला. पण ऐन वेळी माघार घ्यायचा, असं तिला वाटलं. म्हणून औषध आणायला गेली तेव्हा तिने शोभेच्या माशांच्या दुकानातल्या बाईलाही सांगून ठेवलं, "मंडळाचे हान्सेन आले तर आठवण करा हं. उद्या तीनला, माझ्याकडे, कॉफीला."

रविवारी तीनच्या ठोक्याला बेल वाजली. दारात एक उंच, किडकिडीत गृहस्थ.

"मॉइन," त्याने तिकडच्या रीतीने नमस्कार केला. "हान्सेन, मत्स्यपालक मंडळ."

आवाज जरा पातळ वाटला. फोनवर आवाज बदलतोच, असं म्हणत तिने त्याला आत नेलं. तो सरळ टाकीपाशी जाऊन वाकला आणि बघतच राहिला.

"पाणी काय सुरेख ठेवलंय! आणि हा पठ्ठ्या तर डेट्लेफच्या वेळेपेक्षा तजेलदार दिसतोय. कुणी शिकवलं तुम्हाला?"

"चेष्टा करताय होय? तुम्हीच की!"

"मी?" तो सरळ उभा राहिला. "बाई, डेट्लेफ गेल्याचंच मला काल कळलं, त्या दुकानात. तुमचा निरोप मिळाला म्हणून आलो. आपण आज पहिल्यांदाच बोलतोय."

बेल पुन्हा वाजली.

दारात एक ठेंगणा माणूस उभा होता. एका हातात फुलं, दुसऱ्या हातात फुलांवरून काढलेल्या कागदाचा बोळा.

"हान्सेन," तो म्हणाला, आणि तो आवाज तिला झोपेतही ओळखता आला असता. "आत येण्याआधी एक सांगायचंय, ब्रोडर्सनबाई. मी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. मासा मी आजवर फक्त ताटात पाहिलाय."