थेंब की इंजेक्शन

"किडे? माझ्या घरात?" सासूबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "अहो डॉक्टर, माझ्या फरशीत तोंड दिसतं, तोंड!"

"फरशीत नाही काकू, गादीत. धुळीतले हे किडे डोळ्यांना दिसतच नाहीत. सगळ्यांच्याच घरी असतात."

"सगळ्यांच्या असतील. आमच्या नाहीत."

शेजारी सून शिंकली. ती एकदा सुरू झाली की थांबायचं नाव नसे. ॲलर्जी तपासायला हातावर टोचून बघितलेल्या जागी टपोरी गांध उठली होती. सासूबाई त्या हाताकडे अशा बघत होत्या, जणू सुनेने घरातली गोष्ट चव्हाट्यावर मांडली.

वर्षभर हेच चाललं होतं. सून शिंकली की सासूबाई गाद्या बडवायला घेत. गाद्या बडवल्या की सून दुप्पट शिंके. मग सासूबाई आणखी जोरात बडवत. आडवं पडलं की सुनेची छाती दाटे. बिचारी भिंतीला टेकून बसल्या बसल्या डोळा लावी.

डॉक्टरांनी ॲलर्जीवरचे दोन उपचार समजावून सांगितले. इंजेक्शन घ्यायचं तर आधी दर आठवड्याला, मग महिन्याला. टोचल्यावर त्रास होत नाही ना हे बघायला अर्धा तास बाहेर बसायचं. थेंब घ्यायचे तर घरीच, जिभेखाली, पण रोज. दोन्ही निदान तीन वर्षं. "गुण दोन्हींनी येतो. नेटाने काय जमेल, ते तुम्ही ठरवा."

"इंजेक्शन," सून म्हणाली. "रोजचं मी विसरते."

"थेंब," सासूबाई म्हणाल्या. "मी मेले नाही अजून. नाक दाबून तोंडात घालीन."

सुईची भीती नव्हती त्यांना. भीती होती त्या बाहेरच्या अर्ध्या तासाची. दर आठवड्याला चारचौघांत बसायचं, आणि बातमी जायची कुठे? सरळ थोरल्या जाऊबाईंकडे! या जाऊबाई घरी आल्या की आधी रुमालाने खुर्ची पुसत, मगच टेकत. जाता जाता कपाटावरून बोट फिरवत आणि ते बोट उजेडात धरून बघत. इतकी वर्षं त्या बोटाला कण लागू दिला नव्हता. आता आयती गादीभर धूळ द्यायची?

"आई," सून हळूच म्हणाली, "मला एक रात्र नीट झोपायचंय हो."

सासूबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. पण मान काही खाली येईना. "थेंबच," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या.

"बाहेरची खोली तरी बघून घ्या," म्हणत डॉक्टरांनी दार उघडलं. "सगळे किती निवांत बसलेत."

कोपऱ्यातल्या खुर्चीत, बाही वर गुंडाळून, दंडावर कापूस दाबून थोरल्या जाऊबाई बसल्या होत्या. नाकाला तोच रुमाल.

दोघींची नजरानजर झाली. जाऊबाईंनी घाईघाईने बाही खाली ओढली आणि त्या गडबडीत सणसणीत शिंकल्या.

सासूबाई सावकाश डॉक्टरांकडे वळल्या. आवाजात नुसता मध.

"इंजेक्शनच द्या. पोर विसरभोळी आहे, थेंबांचं काही खरं नाही. आणि वार तेवढा त्या कोपऱ्यातल्या बाईंचाच ठेवा."

मग त्या बाहेर गेल्या, पर्समधून रुमाल काढला, जाऊबाईंच्या शेजारची खुर्ची नीट पुसली आणि ऐसपैस बसल्या.