चिपळूण–पुणे, पेनसिल्व्हेनियामार्गे

अलकनंदाने गाडीचा शेवटचा लाल डबा दोन बोटांत उचलला, वळसा घालून नेला आणि इंजिनाच्या पुढे जोडून टाकला. गार्डाचा डबा, इंजिनाच्या पुढे! एवढं मोठं पाप तिने वीस वर्षांत केलं नव्हतं.

"रवी, चहा," तिने साळसूदपणे हाक मारली. "गॅरेजमध्येच ये, हीटर लावलाय."

रवींद्र भिंत धरत धरत आला. कोविडने त्याला हॉस्पिटलातून परत पाठवलं होतं खरं, पण थोडा कापून घेऊन. उजवा हात थरथरत होता आणि बोलणं एका शब्दावर आलं होतं. भाजी कशी झालीय? ग्रँड. झोप लागली? ग्रँड. आता इथे आयर्लंडात, लिमरिकमध्ये, सगळेच ‘छान’ला ग्रँड म्हणतात, त्यात काय एवढं. पण रवी कधी म्हणायचा नाही. रवी चुका काढायचा.

समोर टेबलभर रवीने मांडलेली अमेरिका पसरली होती. पेनसिल्व्हेनियातलं एक खेडं, ऑक्टोबर १९६६, दुपारची वेळ, सगळं खऱ्याच्या एकशे साठाव्या हिश्श्यात. लहानपणी दौंडला त्याच्या घरासमोरून काळा धूर सोडत जी इंजिनं जायची, टेबलावरचं इंजिन म्हणजे त्यांचीच सख्खी बहीण. एकाच कारखान्याची लेक, फक्त अमेरिकेत दिलेली. दौंडवालीचं मॉडेल काही मिळेना, म्हणून त्याने हिच्यावर जीव लावला. आणि लावला तो असा, की सदुसष्टला निघालेली मोटार चुकून सहासष्टच्या रस्त्यावर उभी दिसली, तर गडी दोन दिवस जेवायचा नाही.

अशा अचूक खेड्यात गुपचूप काहीतरी चुकीचं नेऊन ठेवायचं आणि रवी कधी किंचाळतो त्याची वाट बघत पोळ्या लाटायच्या, हा अलकनंदाच्या संसारातला मुख्य आनंद.

तो घरी आल्यावर तिने आधी रुळांवर प्लॅस्टिकची म्हैस बसवली. रवी म्हणाला, ग्रँड. मग खोडरबर कापून, वर लाल नेलपॉलिश फासून तिने एसटी केली, तिला 'चिपळूण–पुणे' अशी पाटी लावली आणि स्टेशनासमोर उभी केली. लॉकडाउनमध्ये घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायला बंदी असताना बाईने एसटी थेट अमेरिकेत पोचवली होती! रवींद्र एसटीकडे बघत चहा प्यायला.

आज म्हणून हे गार्डाच्या डब्याचं पाप.

रवींद्र खुर्चीत टेकला. डाव्या हाताने कळ फिरवली. गाडी निघाली, शेपूट पुढे करून. धान्याच्या कोठारामागून गेली, पुलावरून आली, स्टेशनात शिरली. तो गाडीकडे बघत होता, ती त्याच्याकडे.

"कशी चाललीय?" तिने विचारलं.

"ग्रँड."

अलकनंदाचं हसू ओठांवरच वाळलं. खोडी काढायला समोर कोणी चिडणारं लागतं. नाहीतर तो नुसता पसारा. आता पसारा आवरलेला बरा, असं म्हणत तिने म्हैस उचलून खिशात टाकली आणि एसटीला हात घातला.

"ठेव ती," रवींद्र म्हणाला.

तिने बस डोळ्यांजवळ नेली. तिने केली तेव्हा नुसती चकचकीत होती. आता चाकांना तांबूस चिखल होता. मागच्या पत्र्यावर धूळ होती. एका कोपऱ्यात पोचासुद्धा होता.

"हे कोणी केलं?"

"एवढी स्वच्छ एसटी कुठे बघितलीस गं तू? चूक ती होती."

"मेल्या! मग इतके दिवस तोंडात गूळ धरला होतास?"

"रंग वाळू दे म्हटलं." त्याने उजवा हात पालथा करून बघितला. "बारीक काम होत नाही आता, अलके. चिखल जमतो."

अलकनंदाने बाहीला नाक पुसलं. बस पुन्हा उजेडात धरली. तिसऱ्या खिडकीखालून एक पिवळट ओघळ थेट चाकापर्यंत आला होता.

"आणि हे काय? रंग सांडला इथे."

"सांडला कशाला? तिसरी खिडकी. कुंभार्ली घाट. लग्नानंतर पहिल्यांदा पुण्याला आणत होतो तुला."

"शी! रवी!"

"कंडक्टरने लिंबू दिलं होतं."

"दुसरं काही नाही सापडलं लक्षात ठेवायला?"

"अचूक म्हणजे अचूक." तो हसला, त्याला खोकला आला, खोकल्यातूनही हसत राहिला. "आणि तो डबा आधी मागे लाव. म्हशीला पुढून शेपूट असतं का?"

तिने निमूट डबा मागे लावला. म्हैस खिशातून काढून रुळांवर ठेवली. मग एसटी स्टेशनासमोर उभी केली, ओघळाची बाजू भिंतीकडे करून.

रवींद्रने थरथरता हात पुढे केला आणि बस हळूच फिरवून ठेवली.