चिमटीतलं ऑईल

"ते ओतलंस तर उद्यापासून या गॅरेजची पायरी चढू नकोस," उस्ताद म्हणाले.

मिरचीने कॅन खाली ठेवला नाही. बॉनेट उघडं होतं. जुनं ऑईल गाडीखालच्या घमेल्यात निथळून गेलं होतं. इंजिन कोरडं ठणठणीत. असं इंजिन सुरू करता येत नाही, आणि बापाशी लागलेलं भांडण अर्ध्यावर सोडता येत नाही. निदान मिरचीला तरी. लहानपणी नाव पडलं ते उगीच नाही.

गाडी नर्सबाईंची. त्या दारातच उभ्या होत्या, पर्स छातीशी धरून, ऑपरेशन थिएटरबाहेर नातेवाईक उभे राहतात तशा. गाडी नव्यातली. पण सकाळच्या ड्यूटीला निघताना इंजिन खडखडायचं, डब्यात खिळे भरून हलवावेत तसं. थोड्या वेळाने आपोआप गप्प. मागचं ऑईल उस्तादांनी घातलं होतं. दाट. मिरची तेव्हा कंपनीच्या वर्कशॉपात शिकत होती.

"इंजिनाच्या झाकणावर लिहिलंय बाबा. झिरो डब्ल्यू वीस. पातळ ऑईलच लागतं हिला."

"कपाळावर लिहिलेलं मी कधी मानलं नाही, झाकणाचं काय घेऊन बसलीस?"

"या इंजिनातल्या वाटा बारीक आहेत. थंडीत तुमचं दाट ऑईल वर चढेपर्यंत लोखंडावर लोखंड घासतं. तोच खडखडाट. असंच चालवलं तर इंजिन जाईल."

"आणि तापल्यावर तुझ्या या पाण्याचं काय होईल? वाफ?"

"इंजिन त्याच्यासाठीच बनवलंय!"

"तुमचं बापलेकीचं ठरेपर्यंत माझी बदली होईल हो," नर्सबाई म्हणाल्या. "आज नीट होणार नसेल तर सांगा. ओढून नेते दुसरीकडे."

दुसरीकडे. तो शब्द दोघांनाही लागला.

या गॅरेजचा एक कायदा होता. उस्तादांच्या चिमटीतून गेल्याशिवाय कुठलंही ऑईल इंजिनात जात नसे. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट. एके काळी उस्ताद डोळे मिटायचे, थेंब चोळायचे आणि सांगायचे: ऑईल कुठल्या ग्रेडचं, किती वापरलेलं, वर मालक गाडी हाकतो की बैल. लोक पैजा लावून ऑईल घेऊन यायचे. हरून, हसून जायचे. मिरची ते बघत मोठी झाली. तिलाही तशीच चिमूट हवी होती.

आणि आता?

आता तिने कुठलंही नवं ऑईल आणलं की उस्ताद चिमटीत घ्यायचे, बोटं उजेडाकडे धरून फाकवायचे, आणि फटकन म्हणायचे, "पाणी." संपलं. खटला निकाली. जुनं दाट ऑईल मात्र दर वेळी पास.

मिरचीचा तर्क साधा होता. ही बोटं बोलत नाहीत, हेका बोलतोय. लेकीच्या हातून आलेलं अमृतही हा माणूस पाणी ठरवील. तेच आज सिद्ध करायचं. नर्सबाईंच्या देखत. या इंजिनात आज योग्यच ऑईल जाणार, मग पायरी सुटो नाहीतर बाप रुसो.

ती फळीमागे गेली. बाटलीच्या झाकणात थोडं ऑईल घेऊन आली. पातळ नव्हे. उस्तादांच्या स्वतःच्या कॅनमधलं, दाट. तोंडात वाक्य तयार होतं:

*बाबा, हे तुमचंच आहे. आता बोला.*

"डोळे मिटा," ती म्हणाली.

"कशाला ही नाटकं?"

"पूर्वी मिटायचात ना? का आता भीती वाटते?"

उस्तादांनी तिच्याकडे पाहिलं. मग नर्सबाईंकडे. मग दाराबाहेरच्या रस्त्याकडे, जणू तिथून कुणी हाक मारली तर बरं. कुणी मारली नाही.

त्यांनी डोळे मिटले. मिरचीने त्यांचं बोट झाकणात बुडवलं.

अंगठा बोटावर फिरू लागला. फिरत राहिला. उस्तादांना इतका वेळ कधी लागला नव्हता. कपाळावर घाम आला. अंगठा पुन्हा फिरला, जोरात, एखादा डाग निघत नसावा तसा.

"पाणी," ते म्हणाले. "तुझं ते पाणीच."

जिंकली! मिरचीने तोंड उघडलं.

उस्तादांनी डोळे उघडले. अंगठा आणि बोट सुटे केले. मधे तार ताणली गेली. जाड, पिवळी, मधासारखी. तुटेना.

ती त्यांनी पाहिली. मिरचीकडे पाहिलं नाही. आश्चर्यही नाही चेहऱ्यावर, रागही नाही. बराच काळ दार लावून बसलेल्या माणसाला शेवटी दारावरची थाप ऐकू यावी, तसा चेहरा.

मिरचीने झाकण पाठीमागे लपवलं. नर्सबाई एक पाऊल पुढे आल्या, उस्तादांच्या हाताकडे बघत. मग काय वाटलं कुणास ठाऊक, पाठ वळवून बाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

उस्तादांनी बोटं फडक्याला पुसली. झिरो डब्ल्यू वीसचा कॅन उचलला आणि मिरचीच्या हातात दिला.

"ओत."

"बाबा..."

"ओत म्हणतो ना. आणि यापुढे तपासायचं तूच." मग बाहेर ऐकू जाणार नाही अशा आवाजात ते म्हणाले, "बोटं कधीचीच बधिर झालीत. दाट ऑईल डोळ्यांनाही दिसतं गं. पातळ नुसतं बोटांनाच कळतं."