पुलाखालची चार बोटं

थर्झाने नवरा वारल्यावर स्वतः बांधलेली पहिली नाव कालव्यातून निघाली आणि नव्या पुलापाशी अडली. कालव्यातली नावांची वाहतूक बंद पडावी म्हणून रेल्वे कंपनीने तो मुद्दाम ठेंगणा बांधला होता. रिकामी नाव पाण्यावर उंच तरंगते. तिचं छप्पर चार बोटांसाठी अडत होतं. आज ती गिऱ्हाइकाकडे पोचली नाही, तर तिच्या नावांच्या कारखान्याला टाळंच लागणार. पुलावरून कंपनीचा मुकादम हसला, “बाई, छप्पर कापा, नाहीतर चुलीत घाला!” थर्झाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती काठावर जमलेल्या गावावर ओरडली, “बघत काय राहिलात? तुमची लोकर आजवर वाहिली कुणाच्या नावांनी? चढा आत! पिल्बीमकाकू, आधी तुम्ही!” “मेले, माझ्या वजनावर जातेस?” म्हणत काकू चढल्या. मागोमाग सगळं गाव चढलं. नाव दबली आणि पुलाखालून अलगद निसटली. पलीकडे गेल्यावर कोणीच उतरेना. पुढच्या वळणावरही कंपनीने तसाच पूल बांधला होता.